हवा बदलायला माहेरी: सोलापुरातलं एमएसचं एक प्रकरण

मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजेच एमएस हा मज्जासंस्थेचा आजार झालेल्या एका तरुण बाईला तिच्या सासरच्यांनी ‘हे सोलापूरच्या हवेनंच झालं’ असं ठरवून माहेरी पाठवलं. औषध सुरू करायचं तेही लांबणीवर पडलं. प्रदूषणाचा आणि एमएसचा काही संबंध आहे का, हा प्रश्न त्यामुळे माझ्या दवाखान्याच्या टेबलावर थेट येऊन पडला. त्याचं उत्तर चुकलं असतं, तर एका घरातली माणसं चुकीच्या गोष्टीमागे पैसा आणि वेळ घालवत बसली असती. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. बाईच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

हकीगत

बाई तिशीच्या आतली, दोन मुलांची आई. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात फिनिशिंगला होती. शिवून आलेल्या शर्टांचे धागे कापायचे, तेलाचे डाग पिचकारीने रसायन मारून काढायचे, मग इस्त्री आणि घडी, असं काम. घरात नवरा, सासू-सासरे, दोन मुलं. सासरे गिरणीतून निवृत्त झालेले, दिवसभर विडी ओढणारे. सासूबाई घरबसल्या विड्या वळतात.

डिसेंबरात तिचा उजवा डोळा दुखायला लागला. डोळा फिरवला की कळ यायची आणि दोन-तीन दिवसांत त्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून झाला, चष्मा आला, फरक नाही. मग ती माझ्याकडे आली. मी टॉनिकच्या बाटलीचं लाल झाकण तिच्यासमोर धरलं आणि एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. डाव्या डोळ्याने झाकण लालभडक दिसत होतं. उजव्याने बघून ती म्हणाली, “धुऊन धुऊन रंग उडाल्यासारखं दिसतंय ओ मॅडम.” टॉर्च डाव्या डोळ्यावरून पटकन उजव्यावर आणली, की बाहुली आकसण्याऐवजी मोठी व्हायची. एवढ्यावरून तक्रार डोळ्याच्या काचेची नसून मागच्या नसेची आहे हे कळतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनीही ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेचा दाह, असंच निदान केलं आणि मेंदूचा एमआरआय काढायला सांगितला. सहा आठवड्यांत नजर बरीचशी परत आली आणि एमआरआय राहूनच गेला. दिसायला लागल्यावर कोण खर्च करणार.

पुढच्या सप्टेंबरात दोन्ही पाय बधिर झाले. बेंबीच्या वर कुणीतरी पट्टा आवळून बांधलाय असं तिला वाटायचं. मान खाली घातली, की पाठीतून पायापर्यंत करंट उतरायचा. आपल्याकडे अशी तक्रार आली की आधी बी-१२ची इंजेक्शनं होतात, ती हिचीही झाली. तपासणीत बी-१२ पुरेसं निघालं. या खेपेला मी तिला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवून पाठपुरावा केला. एमआरआयमध्ये मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेने लंबगोल पांढरे ठिपके दिसले, मानेच्या मणक्यातल्या मज्जारज्जूत एक छोटा चट्टा. पाठीच्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे मज्जासंस्थेतल्या दाहाची खूण असलेली प्रथिनं, सापडले. एमएससारखेच दिसणारे दोन आजार, एनएमओ आणि मॉग, यांच्या अँटिबॉडी निगेटिव्ह आल्या. ही तपासणी आपल्याकडे फार महत्त्वाची आहे, कारण एमएसची काही औषधं एनएमओच्या रुग्णाला दिली तर आजार उलट बळावतो. दोन वेगळ्या वेळी, मज्जासंस्थेच्या वेगवेगळ्या जागी हल्ला झालेला. निदान पक्कं झालं.

घरच्यांना आजार समजावताना मला त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण सापडलं. ताण्याच्या सुताला खळ लावलेली नसेल, तर ते मागावर टिकत नाही, तुटायला लागतं. मज्जातंतूंवर मायेलिन नावाचं असंच एक आवरण असतं आणि या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती ते खरवडून काढते. सासऱ्यांना ते लगेच कळलं. लगोलग त्यांचा प्रश्न आला, “पण खरवडतंय कशानं?”

हवेचं खापर

पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड दिल्यावर पायातली ताकद आली. आजार पुन्हा उलटू नये म्हणून कायमचं औषध सुरू करायचं ठरलं. तेवढ्यात नवऱ्याच्या मोबाइलवर एक मेसेज फिरत आला: प्रदूषणामुळे एमएस होतो. सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागत नाही. रस्त्यावर धुराळा, कारखान्यांच्या बॉयलरचा धूर, मागाच्या शेडमध्ये उडणारी कापसाची भुकटी. केंद्र सरकारने २०१९ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात, हवेची मानकं न पाळू शकलेल्या शहरांच्या यादीत सोलापूर आहेच.

सासरे मला सांगायला आले. “मॅडम, हितली हवाच लई खराब हाय की ओ. तिच्या माहेरी ठेवतो चार-सहा महिने. गावची हवा चांगली. ते महागाचं औषध मग बघू.” त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पण मुलं सोलापुरातच राहणार होती, शाळेसाठी. ती बाहेरच्या बाकावरून उठून आत आली आणि हळूच विचारलं, “परत बोलावतील ना ओ मला?”

आजारी सुनेला माहेरी धाडण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे आणि तिला हवापालटाचं नाव देणं सोपं पडतं. एमएस हा तरुण बायकांचा आजार आहे. पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना तो होतो, तोही बहुतेक वेळा वयाच्या विशी ते चाळिशीत. म्हणजे लग्न, बाळंतपण, नोकरी सगळं ऐन भरात असताना. कारणाबद्दल डॉक्टर जे बोलतो, त्याचा त्या बाईच्या संसारावर काय परिणाम होईल, हे बोलण्याआधी तोलावं लागतं.

नोव्हेंबरात ती मोहोळ तालुक्यातल्या माहेरी गेली. औषध सुरू झालंच नाही.

फेब्रुवारीत तिच्या वडिलांचा फोन आला. डावा हात वळत नाही, भाकरी थापता येत नाही, चालताना झोक जातो, असं आठवडाभर चाललेलं. तिला परत आणलं. एमआरआयमध्ये नवे ठिपके होते, त्यातला एक ताजा, रंगद्रव्य शोषणारा. पुन्हा स्टिरॉइड द्यावं लागलं. मार्चमध्ये एकदाचं रिटुक्सिमॅब सुरू झालं. हे औषध मुळात रक्ताच्या कर्करोगासाठीचं. एमएससाठी त्यावर अधिकृत शिक्का नाही, तरी स्वीडनसारख्या देशात एमएसच्या रुग्णांना ते सर्रास दिलं जातं. आपल्याकडे भारतीय कंपन्यांची आवृत्ती मिळते म्हणून ते मध्यमवर्गीयाच्या आवाक्यात येतं. देण्याआधी कावीळ ब, एचआयव्ही आणि क्षयाच्या तपासण्या झाल्या.

आता नवरा म्हणायला लागला, गावातही प्रदूषण असणार, उसाचा धूर असतो. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. गाळप हंगामात त्या पट्ट्यात ऊसतोड झाली की शेतात पाचट पेटवतात आणि संध्याकाळी धूर गावावर बसतो. शिवाय माहेरी गॅस होता, पण सिलिंडर पुरवायचा म्हणून भाकऱ्या चुलीवर व्हायच्या आणि त्या तीच थापायची. पीएम २.५ म्हणजे धुरातले अगदी बारीक कण. भारतात त्याची वर्षाची सरासरी मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. लाकडाच्या चुलीपुढे स्वयंपाकाच्या वेळी हाच आकडा शेकड्यांत जातो. ‘चांगल्या हवेत’ पाठवलेली बाई सोलापूरच्या रस्त्यावर कधी मिळाला नसता इतका धूर छातीत घेत होती.

तरीही फेब्रुवारीचा हल्ला चुलीमुळे किंवा पाचटामुळे झाला असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात औषधाविना राहिलेला एमएस उलटतो, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. त्या हल्ल्यामागे तेवढं एक कारण पुरेसं होतं.

संशोधन काय सांगतं

मग प्रदूषणाचा मेसेज खोटा होता का? तसंही नाही. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण या विषयावर ‘हो’ म्हणणारे आणि ‘नाही’ म्हणणारे, दोन्ही अभ्यास आहेत.

तेहरानमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत एमएसचे रुग्ण शहराच्या प्रदूषित भागांत जास्त दाटलेले दिसले. इटलीतला लोम्बार्डी हा प्रांत युरोपातल्या सर्वांत खराब हवेच्या भागांपैकी एक. तिथल्या २००१ ते २००९ मधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठवडाभर पीएम १० म्हणजे हवेतल्या थोड्या मोठ्या कणांचं प्रमाण खूप वाढलेलं असेल तर त्यानंतर एमएसच्या रुग्णांची इस्पितळातली भरती ४२ टक्क्यांनी जास्त आढळली. फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्येही हवा बिघडली की आजार उलटण्याचं प्रमाण वाढताना दिसलं. स्वीडनच्या संशोधकांनी वाहनं आणि इंधनाच्या ज्वलनातून येणाऱ्या नायट्रोजन ऑक्साइडचा संबंध एमएस होण्याशीच जोडला आणि प्रतिकारशक्तीशी निगडित असं विशिष्ट एचएलए जनुक असलेल्यांत तो अधिक ठळक दिसला.

दुसरीकडे कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लाखो लोकांचा मागोवा घेतला गेला. मोठ्या रस्त्याजवळ राहणाऱ्यांत स्मृतिभ्रंश जास्त आढळला, एमएस नाही. हा अभ्यास २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्याच प्रांतात पुढच्या वर्षी थेट प्रदूषकांची पातळी धरून पाहिलं, तेव्हाही संबंध सापडला नाही. अमेरिकेतल्या हजारो परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासातही हवेतले कण आणि एमएस यांची सांगड बसली नाही.

मला यातून दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. आजार मुळात होणं ही एक आणि असलेला आजार भडकणं ही दुसरी. पहिलीबद्दलचा पुरावा अजून डळमळीत आहे, दुसरीबद्दलचा त्याहून बरा. मेसेज लिहिणाऱ्याने या दोन्हींची खिचडी केली होती.

आणखी एक साधा हिशेब सासऱ्यांपुढे मांडला. एमएस जगात सर्वांत जास्त कुठे आहे? स्वीडन, नॉर्वे, कॅनडा. स्वीडनमध्ये दर लाखामागे दीडशेहून जास्त रुग्ण. आपल्याकडे मंगळुरूच्या पाहणीत दर लाखामागे साधारण ८ निघाले. आपल्याकडे निदान राहून जातं, जनुकं वेगळी, ऊन वेगळं, हे सगळं धरूनही हवेतली घाण हेच मुख्य कारण असतं, तर आकडे असे उलटे पडले नसते.

मुख्य कारणांत आज सर्वांत भक्कम पुरावा एपस्टीन-बार विषाणूचा आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी आणि साठवलेले रक्ताचे नमुने वापरले. या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पट झालेला दिसला. पण हा विषाणू बहुतेक सगळ्या माणसांत असतो आणि एमएस मोजक्यांनाच होतो. म्हणजे त्यावर जनुकं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, किशोरवयातलं जास्त वजन आणि धूर यांची भर पडावी लागते.

धुराचा मुद्दा मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण त्यात काहीतरी करता येतं. धूम्रपान करणाऱ्यांत एमएसचा धोका साधारण दीडपट असतो. दुसऱ्याचा धूर वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही तो वाढलेला दिसतो. निदानानंतर धूम्रपान चालू ठेवलं तर आजार पुढच्या, न सुधारणाऱ्या टप्प्यात लवकर जातो, प्रत्येक वर्षामागे जवळपास ५ टक्क्यांनी, असं स्वीडनमधल्या २०१५च्या अभ्यासात दिसलं. स्वीडनमध्येच ओठाखाली तंबाखूची पुडी ठेवणाऱ्यांत मात्र हा धोका वाढलेला नव्हता. तंबाखू तीच, निकोटिन तेच, फक्त फुप्फुसात धूर नाही. मिश्री लावणाऱ्या कुणी यावरून खूश होऊ नये, तोंडाचा कर्करोग त्यांच्यासाठी उभाच आहे. पण एमएसपुरतं बघितलं, तर दोष फुप्फुसाच्या दाहाकडे जातो.

जर्मनीत ग्यॉटिंगेनच्या संशोधकांनी २०१२ मध्ये उंदरांत दाखवलं, की मेंदूवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशी आधी फुप्फुसात थांबतात आणि तिथेच मेंदूत शिरण्याची तयारी करतात. धूर, कण, रसायनांची वाफ यांनी फुप्फुस सतत चिडलेलं असेल, तर या पेशींना बळ मिळत असावं, असा तर्क आहे.

घरातला धूर

मी तिच्या घरी गेले ते यासाठीच. दीड खोली, खिडकी एकच, ती पंप आणि हंड्यांनी अडलेली. पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे भांडी हलवता येत नाहीत. सासरे पलंगावर बसून विडी ओढतात, समोर सून आणि नातवंडं. सासूबाईंच्या सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. त्या दिवशी त्या तव्यावर मिश्री भाजत होत्या. तंबाखू काळी पडेपर्यंत तवा धुमसत होता, धूर माळ्याला जाऊन खाली वळत होता आणि धाकटी खोकत होती. शहराच्या हवेबद्दल आमचं एवढं बोलणं झालं होतं, त्यात या तव्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

कारखान्यातही पाहण्यासारखं होतं. सासऱ्यांना धुळीची भीती, पण सुताच्या भुकटीचा एमएसशी संबंध दाखवणारा भक्कम पुरावा नाही. भुकटीचा त्रास दम्याचा आणि फुप्फुसाचा. डाग काढायच्या रसायनाकडे मात्र कुणाचंच लक्ष नव्हतं. सेंद्रिय द्रावकांशी, म्हणजे तेल-ग्रीस विरघळवणाऱ्या रसायनांशी, काम करणाऱ्यांत एमएसचा धोका साधारण दीडपट दिसला, असा स्वीडनचा २०१८चा अभ्यास आहे. द्रावक, धूम्रपान आणि धोक्याची जनुकं हे तिन्ही एकत्र आले, तर तो जवळपास ३० पट. तिची पिचकारी कोपऱ्यात, पंखा नाही, तोंडाला ओढणी.

आणि इस्त्रीचं टेबल. एप्रिलमध्ये, सोलापूरचा पारा ४२-४३वर असताना, ती दुपारी घाबरून आली. पुन्हा उजव्या डोळ्याने धूसर दिसतंय, पाय जड झालेत. घरच्यांनी पुन्हा हवेला दोष दिला. मी तिला पंख्याखाली बसवलं, मानेवर ओला नॅपकिन ठेवला, थंड पाणी दिलं. पाऊण तासात नजर परत आली. हा नवा हल्ला नव्हता. आधी दुखावलेल्या नसेतून उष्णतेत संदेश नीट जात नाही, शरीर थंड झालं की पुन्हा जातो. याला उथॉफचा परिणाम म्हणतात. ताप किंवा संसर्ग नसताना २४ तासांहून जास्त टिकलेली नवी तक्रार असेल, तर हल्ला समजायचा. हा फरक सोलापूरसारख्या गावात प्रत्येक एमएस रुग्णाला पाठ हवा, नाहीतर उन्हाळाभर विनाकारण स्टिरॉइड घेणं होईल.

काय ठरलं

नवरा, सासरे आणि तिचे वडील यांना मी एकत्र बसवलं. सासऱ्यांना मी स्पष्ट सांगितलं की तुमच्या विडीमुळे सुनेला एमएस झाला असं कुणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. लाखो लोकांत मोजलेला धोका एका बाईवर लावता येत नाही. पण आजार झाल्यावर तिच्या फुप्फुसात जाणारा धूर कमी करणं आपल्या हातात आहे आणि तो धूर अक्कलकोट रोडवर जेवढा आहे, त्याहून या खोलीत जास्त आहे. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाहेर कट्ट्यावर ओढीन.” अधूनमधून विसरतात, नात ओरडते.

मिश्री भाजणं बंद झालं. सासूबाईंनी सोडली असं नाही, विकत आणतात. त्यावर माझं त्यांच्याशी भांडण चालू आहे. हंडे हलवून खिडकी मोकळी केली, स्वयंपाकाच्या ओट्यावर एक्झॉस्ट पंखा बसवला. कारखान्याच्या मालकांशी नवऱ्याने बोलणं केलं. तिला डागाच्या कोपऱ्यातून आणि इस्त्रीवरून काढून तपासणी व घडीच्या टेबलावर, दाराजवळ, सकाळच्या पाळीत घेतलं. पगार थोडा कमी झाला. ड जीवनसत्त्व फारच कमी होतं, ते सुरू केलं. उन्हाचं शहर असूनही दिवसभर छताखाली राहणाऱ्या आमच्या बायकांत ते नेहमीच कमी सापडतं. एअर प्युरिफायर घ्यावा का, असं नवऱ्याने विचारलं. मी नको म्हटलं. तेच पैसे सहा महिन्यांनी लागणाऱ्या औषधासाठी बाजूला ठेवायला सांगितले.

वर्षाने केलेल्या एमआरआयमध्ये नवा ठिपका नव्हता. डाव्या हाताची पकड थोडी कमी आहे, भाकरी पातळ होत नाही असं ती सांगते. हे श्रेय मी औषधाला देते. धूर कमी केल्याचा वाटा किती, हे एका रुग्णात मोजता येत नाही. तो मोजता आला नाही तरी खोकणारी धाकटी आता खोकत नाही, तेवढ्यासाठीही ते करण्यासारखंच होतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. प्रमाणपत्राचा अर्ज भरला आहे. आज तिचं दिव्यांगत्व ४० टक्क्यांच्या खाली भरेल असं दिसतं, म्हणजे सवलती लगेच मिळणार नाहीत, पण नोंद झालेली बरी.

मागच्या भेटीत तिने मुलीबद्दल विचारलं. पाश्चात्त्य देशांतल्या आकड्यांनुसार एमएस असलेल्या आईच्या मुलांत तो होण्याची शक्यता शंभरात साधारण दोन. आपल्याकडे मुळातच आजार कमी, त्यामुळे ती याहूनही कमी असावी. मुलीला आत्ता कसल्याही तपासणीची गरज नाही. तिचं वजन आटोक्यात राहू दे, शाळेच्या मैदानावर उन्हात खेळू दे आणि आजोबांची विडी कट्ट्यावरच राहू दे, एवढं मी लिहून दिलं. पुढचं इंजेक्शन सप्टेंबरात आहे, त्याआधी रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या प्रथिनांची, तपासणी करायची आहे.